प्रवासी हवामान-संच आणि घड्याळ: गोव्यातल्या मालकांचे नेहमीचे प्रश्न

चामड्याची दुमडणारी पेटी उघडली की आत ओळीने घड्याळ, बॅरोमीटर, थर्मामीटर आणि कधी कधी हायग्रोमीटर दिसतो. असे संच गोव्यातल्या बऱ्याच घरांत अजून आहेत. त्यातले बरेचसे ‘बिघडला’ म्हणून कपाटात पडून आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्यातले अनेक बिघडलेले नसतातच. त्यांच्या तबकड्या लंडन-स्टुटगार्टच्या हवेसाठी छापलेल्या आहेत आणि आपण त्या पणजी-फोंड्याच्या हवेत वाचतो. गोव्याची हवा समजून घेऊन वाचलं तर हेच संच आजही उत्तम काम देतात. लोक वारंवार विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा संच गोव्यात आला कुठून?

मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट तारवट्यांची. बोटींवर नोकरी केलेल्या गोंयकारांनी बंदराबंदरांतून अशा वस्तू घरी आणल्या. दुसरी आफ्रिकेतून आणि नंतर गल्फमधून परतलेल्यांची. तिसरी १९६१ पूर्वीच्या इथल्या बाजाराची: पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या वर्षांत परदेशी माल गोव्यात सहज मिळे आणि त्यात स्विस घड्याळं भरपूर होती. तुमच्या घरातला संच कोणी आणला हे घरातल्या थोरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवा. पेटीच्या अस्तराखाली एखादी पावती किंवा दुकानाचं लेबल असेल तर ते काढू नका.

पेटीतली यंत्रं चालतात कशी?

घड्याळ बहुधा आठ दिवसांचं, चावीचं. थर्मामीटर काचेच्या नळीचा, नाहीतर दोन धातूंची पट्टी गुंडाळून केलेला काट्याचा. हायग्रोमीटर हवेतला ओलावा दाखवतो.

पण खरी जादू बॅरोमीटरची. शाळेच्या पुस्तकात ज्याला निर्द्रव वायुभारमापक म्हटलंय तोच हा. फ्रान्सच्या ल्युसियन व्हिदी याने १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या, १६४३ मध्ये तोरिचेल्लीने शोधलेल्या पद्धतीत पाऱ्याची जवळजवळ मीटरभर उंच नळी लागे. ती घेऊन प्रवास करणं महाकठीण. व्हिदीने पारा काढून टाकला आणि पातळ पत्र्याची, आतली हवा काढून घेतलेली, वळ्या-वळ्यांची डबी वापरली. तीन सेंटीमीटर व्यासाच्या डबीवर बाहेरची हवा सुमारे सात किलोचा भार टाकते, आणि एक मजबूत स्प्रिंग तिला चेपू देत नाही. हवेचा दाब जरासा बदलला की डबी केसभर हलते. ते हलणं तरफांतून, बारीक साखळीतून वाढत वाढत काट्यापर्यंत पोचतं. मागचं झाकण काढलेला बॅरोमीटर पाहायला मिळाला तर ती साखळी जरूर बघा. तिची एकेक कडी भिंग लावल्याशिवाय दिसत नाही.

माझा संच किती जुना आहे, हे कसं ओळखू?

तबकडीवरची बारीक अक्षरं वाचा. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला. दाब हेक्टोपास्कलमध्ये छापला असेल तर साधारण १९८० च्या दशकातला किंवा नंतरचा. मिलिबार असेल तर त्याआधीचाही असू शकतो. (दोन्हींचं माप एकच आहे, नाव तेवढं बदललं.) घड्याळाच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असेल तर आकड्यांवरच्या चमकत्या रंगात ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) आहे आणि वस्तू १९६० नंतरची आहे. ‘कॉम्पेन्सेटेड’ हा शब्द वय सांगत नाही. तापमान बदललं तरी दाबाचा आकडा बिघडू नये म्हणून आत तजवीज केली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कारखान्याचं नाव असलं तर उत्तमच. १८९१ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल इथे सुरू झालेल्या अँजेलसचे आठ दिवसांच्या घड्याळाचे संच नावाजलेले आहेत. स्विझाची प्रवासी घड्याळं, स्टुटगार्टच्या लुफ्टचे बॅरोमीटर, लंडनच्या शॉर्ट अँड मेसन आणि नेग्रेत्ती अँड झांब्रा यांची यंत्रंही मोलाची. मात्र पेटीवर एक नाव, घड्याळावर दुसरं आणि बॅरोमीटरवर काहीच नाही, असंही सर्रास असतं. पेटीवाले यंत्रं बाहेरून घेऊन बसवत. त्यावरून संच जोडाजोडीचा आहे असं समजू नका.

तबकडीवरचे शब्द इंग्रजी नाहीत. काय लिहिलंय?

जर्मन असेल तर ‘रेगन’ म्हणजे पाऊस, ‘फेरेंडरलिश’ म्हणजे बदलती हवा, ‘श्योन’ म्हणजे स्वच्छ. फ्रेंचमध्ये हेच ‘प्लुई’, ‘व्हारियाब्ल’, ‘बो तां’. पोर्तुगीज तबकडी असेल तर ‘शुव्हा’, ‘व्हारियाव्हेल’, ‘बों तेंपु’. घरातली वयस्कर मंडळी ते सहज वाचून दाखवतील. या शब्दांचा गोव्यात किती उपयोग, ते पुढच्या दोन उत्तरांत.

काटा रोज सकाळी वर चढतो आणि दुपारी खाली येतो. आकाश तर निरभ्र असतं. यंत्र बिघडलंय का?

नाही. उलट यंत्र फार चांगलं आहे याचा तो पुरावा आहे.

सूर्याच्या उष्णतेने वरच्या वातावरणातला ओझोन आणि हवेतली वाफ तापते आणि अख्ख्या वातावरणाला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राची, ही सूर्याची. म्हणून तिच्या वेळा रोज त्याच राहतात. दाब सकाळी दहाच्या आसपास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या आसपास सर्वांत कमी. मग पुन्हा रात्री दहाला वर आणि पहाटे चारला खाली. विषुववृत्ताजवळ ही हालचाल मोठी असते. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे, त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांत तीन-चार मिलिबारचा फरक रोजचाच. लंडनमध्ये हा फरक एक मिलिबारही नसतो, आणि तिथे वादळं-पावसामुळे दाब इतका वरखाली होतो की हा बारीक चढउतार त्यात दिसेनासा होतो. तिथल्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो तो म्हणूनच.

आपल्याकडे मात्र याचा मोठा घोटाळा होतो. सकाळी चहा घेताना काटा पाहिला, दुपारी जेवून उठल्यावर पाहिला, तर तो खाली आलेला दिसतो. ‘काटा उतरला, म्हणजे पाऊस येणार’ असं वाटतं. पाऊस येत नाही. मग यंत्र खोटं ठरतं आणि कपाटात जातं.

उपाय सोपा आहे: रोज एकाच वेळी वाचा. सकाळी दहाची वेळ सर्वांत चांगली. आज दहाला जो आकडा आहे तो कालच्या दहाच्या आकड्याशी ताडून बघायचा, आज दुपारच्या आकड्याशी नाही. दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिता तिथेच हा आकडा लिहा. रोहिणी ते हस्त एवढी नक्षत्रं जरी नोंद ठेवलीत, तरी तुमच्या घरापुरतं हवामानाचं गणित तुमच्या हाती येईल.

बाहेर धो धो पाऊस आणि काटा ‘चेंज’ आणि ‘फेअर’ यांच्या मध्ये. हे कसं?

यंत्र बरोबर आहे. छापलेला शब्द आपल्या हवेचा नाही.

इंग्रजी तबकडीवर दाब पाऱ्याच्या नळीतल्या उंचीच्या इंचांत मोजतात. साधारणपणे २८ इंचावर ‘स्टॉर्मी’, २९ वर ‘रेन’, साडेएकोणतीसवर ‘चेंज’, ३० वर ‘फेअर’ आणि ३१ वर ‘व्हेरी ड्राय’ असतं. मिलिबारमध्ये २९ इंच म्हणजे ९८२, साडेएकोणतीस म्हणजे ९९९, आणि ३० म्हणजे १०१६. गोव्यात जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १०१२-१०१३ च्या आसपास असतो. ऐन जुलैत तो पाच-सात मिलिबारने उतरून १००६-१००७ च्या घरात येतो, म्हणजे २९.७ इंच. म्हणून मांडवी दुथडी भरून वाहत असतानाही काटा ‘चेंज’ आणि ‘फेअर’च्या मध्येच राहणार. वर्षभरात त्याला फिरायला जेमतेम अर्ध्या इंचाची जागा लागते. बाकीची तबकडी युरोपातल्या हिवाळी वादळांसाठी आहे. तिथे एकाच महिन्यात ९७० आणि १०३५ दोन्ही दिसू शकतात.

मोसमी पाऊस युरोपातल्या पावसासारखा येत नाही. नैऋत्येचे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि कोसळतात. दाबाच्या मोठ्या घसरणीची त्यांना गरज नसते. म्हणून बॅरोमीटर गोव्यात ‘आज संध्याकाळी सर येईल का’ हे सांगत नाही. उन्हाळा ओसरून पावसाळ्याकडे होणारी हळू उतरण तो दाखवतो, ऑक्टोबरात पाऊस परतल्यावरचा चढ दाखवतो, आणि समुद्रात काही तयार होत असेल तर ते दाखवतो.

म्हणजे चक्रीवादळ कळतं?

वादळ जवळून जाणार असेल तर काट्याची चाल बदलते. सकाळी दहाचा आकडा आदल्या दिवसापेक्षा चार-पाच मिलिबारने कमी आला, रात्री दहाचा नेहमीचा चढ दिसलाच नाही, तासातासाला काटा उतरत गेला, तर लक्ष द्या. आपल्याकडे रोजची भरती-ओहोटी इतकी ठरलेली असते की ती मोडली की लगेच डोळ्यांत भरते.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. झाडं पडली, खांब पडले, ठिकठिकाणी वीज गेली. अशा वेळी वीज, नेटवर्क, बॅटरी यांपैकी काहीही न लागणारं यंत्र घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. काटा उतरायचा थांबला आणि वर वळला, की वादळाचं केंद्र दूर जाऊ लागलं असं समजता येतं. पण समुद्रावर जायचं की नाही, घर सोडायचं की नाही, हे हवामान खात्याच्या इशाऱ्यावरच ठरवा. तुमच्याकडे एक काटा आहे. त्यांच्याकडे उपग्रह, रडार आणि अख्ख्या किनाऱ्याच्या नोंदी आहेत.

बॅरोमीटर चालू आहे की मेलाय, हे घरच्या घरी कसं तपासू?

हवा भरलेल्या, झिप लागणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत तो ठेवा, तोंड घट्ट बंद करा आणि पिशवी दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबा. काटा वर सरकला पाहिजे, सोडल्यावर परत आला पाहिजे. जोर लावू नका.

दुसरी परीक्षा उंचीची. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबार कमी होतो. मांडवीच्या काठावरून आल्तिनोच्या टेकडीवर जा. चांगल्या यंत्राचा काटा ठळकपणे उतरतो. वाचण्याआधी काचेवर बोटाच्या टोकाने हलकी टिचकी मारा, म्हणजे सांध्यांत अडकलेला काटा मोकळा होतो. टिचकीने काटा दर वेळी चार-पाच मिलिबार उडी मारत असेल तर आत मळ किंवा गंज आहे.

पिशवीत काटा अजिबात हलला नाही तर एकतर साखळी निसटलीय, नाहीतर डबीत हवा शिरलीय. साखळी परत बसवता येते. डबी गेली तर दुसऱ्या यंत्रातली घालावी लागते.

काटा कुठल्या आकड्यावर लावायचा?

समुद्रसपाटीच्या दाबावर, मग घर मिरामारला असो की वाळपईला. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांचे हवामान-अहवाल दर अर्ध्या तासाने निघतात आणि इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. त्यात ‘क्यू’ अक्षरापुढे चार आकडे असतात, उदाहरणार्थ १००९. तो तुमचा आकडा. पणजीच्या हवामान केंद्राच्या नोंदीही चालतील.

जुन्या तबकडीवर इंच असतील तर मिलिबारला ३३.८६ ने भागा. मिलिमीटर असतील तर मिलिबारला १.३३३ ने भागा: १०१३ मिलिबार म्हणजे ७६० मिलिमीटर.

यंत्राच्या पाठीला एक छिद्र आणि आत बारीक स्क्रू असतो. प्रवासी संचात तो अस्तरामागे लपलेला असतो, त्यामुळे यंत्र चौकटीतून बाहेर काढावं लागतं. नीट बसेल असा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या, थोडंसं फिरवा, टिचकी मारा, पाहा, पुन्हा फिरवा. संच उभा ठेवून वाचणार असाल तर उभाच धरून लावा. आडवा केला की आकडा थोडा बदलतो. वारंवार छेडू नका. एकदा लावून महिनाभर ताडून पाहा. रोज दोनच मिलिबार जास्त दाखवत असेल तर तो दोष सांभाळून घेता येतो. आज दोन, उद्या सहा असं असेल तर मात्र आत दुरुस्ती हवी.

तबकडीवरची हाताने फिरणारी पितळी सुई काही मोजत नाही. ती आजच्या काट्यावर आणून ठेवायची, म्हणजे उद्या काटा कुठून कुठे गेला ते कळतं.

आंबोलीला नेला तर काटा पार तळाला गेला. तुटला का?

तुटलेला नाही. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे, म्हणजे दाब ७५-८० मिलिबारने कमी. घरगुती बॅरोमीटर एवढ्या खालचं दाखवायला बनवलेलाच नसतो. परत किनाऱ्यावर आल्यावर एक दिवस विश्रांती द्या, काटा जागेवर येतो. घाट चढताना काटा डोळ्यांदेखत सरकताना पाहणं हा मुलांसाठी सुंदर धडा आहे, पण ज्याची चाल आधीच अडखळते तो संच नेऊ नका.

विमानाच्या केबिनमध्ये दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो. तिथेही काटा तळाला जातो आणि उतरल्यावर सावरतो. पाऱ्याचा बॅरोमीटर किंवा पाऱ्याचा सुटा थर्मामीटर असेल तर सामानात घालण्याआधी विमान कंपनीला विचारा, कारण त्यावर निर्बंध आहेत.

काही प्रवासी बॅरोमीटरांना बाहेरून उंचीचं वर्तुळ असतं. ते फिरवून खाली शून्य लावायचं आणि वर जाऊन उंची वाचायची. त्याच दिवशी, हवा स्थिर असताना.

हायग्रोमीटर बारा महिने साठच दाखवतो.

हा बहुतेक केसाचा हायग्रोमीटर असावा. होरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने १७८३ मध्ये ही युक्ती मांडली: माणसाचा धुतलेला, तेल काढलेला केस ओल्या हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पूर्ण कोरड्या ते पूर्ण ओल्या हवेत फरक जेमतेम दोन-अडीच टक्के, पण काटा फिरवायला तेवढा पुरतो. एसीच्या खोलीत किंवा बंद कपाटात वर्षानुवर्षं राहिला की केस सुस्त होतो. यंत्र ओलसर, पिळून घेतलेल्या फडक्यात अर्धा-पाऊण तास गुंडाळून ठेवा. काढल्याबरोबर काटा ९५ च्या आसपास हवा. नसेल तर मागच्या स्क्रूने तिथे आणा.

मग मिठाची परीक्षा. वाटीत साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा, विरघळवू नका. वाटी आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात शेजारी ठेवा. मीठ यंत्राला लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी आतली आर्द्रता ७५ टक्के झालेली असते, तापमान थोडं इकडचं तिकडे असलं तरी. जाड्या मिठाच्या बरणीला मृगात पाणी सुटतं ते याच कारणाने: हवा ७५ च्या वर गेली की मीठ ओलावा ओढून घेतं. बरणीला पाणी सुटलेलं असताना हायग्रोमीटर साठ दाखवत असेल तर तो चुकतोय, हे डबा न उघडताही कळेल.

केसाला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तो पुन्हा मंदावतो.

थर्मामीटरवर ८० पर्यंतच आकडे आहेत आणि खोलीत २३ दाखवतो. गोव्यात, मे महिन्यात!

तबकडीवर रेओम्यूर हे नाव शोधा. जुन्या युरोपीय संचांवर ही मोजपट्टी असते: बर्फ शून्याला वितळतो, पाणी ८० ला उकळतं. सव्वाने गुणा. २३ चे जवळजवळ २९ सेल्सियस होतात, म्हणजे ठीकच आहे.

नळीतला द्रव लाल-निळा असेल तर स्पिरिट, चांदीसारखा असेल तर पारा. स्पिरिटचा धागा तुटला असेल तर थर्मामीटर उभा धरून हलके झटके द्या. पाऱ्याची नळी फुटली तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, हातातली अंगठी-बांगडी काढा (पारा सोन्याला धरतो) आणि जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, आणि बेसिनमध्ये ओतू नका.

घड्याळाला चावी जास्त दिली म्हणून ते बंद पडलं, असं सगळे म्हणतात.

घट्ट होईपर्यंत चावी दिल्याने चांगलं घड्याळ बंद पडत नाही. ते बंद पडतं सुकलेल्या तेलाने. पूर्ण चावी दिलेली आणि काटे हलत नाहीत, तेव्हा दोष मळाचा असतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एकाच वेळी चावी द्या. कमानीत, म्हणजे मुख्य स्प्रिंगमध्ये, उरलेला ताण कमी-जास्त झाला की वेळही कमी-जास्त धावते.

घड्याळ रोज बरंच पुढे जात असेल तर बारीक हेअरस्प्रिंगच्या वळ्या एकमेकींना चिकटल्या असतील किंवा तिच्यात चुंबकत्व आलं असेल. मोबाइलच्या चुंबकी कव्हरपासून आणि स्पीकरपासून संच दूर ठेवा. चुंबकत्व घड्याळजी मिनिटभरात उतरवतो. फरक किरकोळ असेल तर मागे ए आणि आर अक्षरांमधली लहान तरफ असते: ए कडे सरकवली की घड्याळ जलद, आर कडे मंद. इंग्रजी यंत्रांवर तिथे एफ आणि एस असतं. केसभर सरकवा, दोन दिवस थांबा.

खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा फवारा, यांतलं काहीही आत घालू नका. विनवणी करून सांगतो. फवारा मारलेलं घड्याळ दोन दिवस झकास चालतं आणि मग आतली सगळी धूळ त्या तेलात कालवली जाते.

आकडे पूर्वी अंधारात चमकायचे, आता चमकत नाहीत. रंग परत लावू का?

नाही, आणि काच उघडूही नका. १९१० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत या रंगात रेडियम असे. चमक देणारं रसायन झिजून संपतं, पण रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षांचं आहे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच आहे. बंद काचेमागे, खोलीत थोडं दूर ठेवलेल्या एका घड्याळाची धास्ती घेण्याचं कारण नाही. धोका आहे तो सुटलेल्या रंगाची पूड श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. उशाशी ठेवू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि दुरुस्तीला देताना घड्याळजीला आधी सांगा. ट्रिटियमचं अर्धआयुष्य बारा वर्षांच्या थोडं वर आहे, त्यामुळे जुन्या ‘टी’ घड्याळांत ते आता फारच थोडं उरलंय.

पावसाळ्यात चामडी पेटीवर पांढरी बुरशी येते आणि यंत्रांच्या कडांवर हिरवं साचतं.

हे गोव्यातलं सर्वांत मोठं दुखणं. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि चरबी दमट हवेत पितळेला लागली की हिरवा थर धरतो. म्हणून माझा आग्रह असतो: मृग लागायच्या आधी यंत्रं पेटीतून काढा आणि वसरीला नाही, आतल्या हवेशीर खोलीत लाकडी फळीवर ठेवा. पेटी उघडी, वेगळी ठेवा.

बुरशी आली तर पेटी बाहेर नेऊन, नाकाला फडकं बांधून, मऊ कोरड्या कापडाने पुसा. मग स्पिरिटने किंचित ओलसर केलेलं कापड, आधी तळाच्या कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहून. सावलीत वाळवा, उन्हात चामडं तडकतं. खोबरेल लावू नका, बुरशीला ते खाद्यच होतं. मेणाचं पातळ मलम हिवाळ्यात एकदा पुरे. डांबरगोळ्या त्याच डब्यात नकोत. प्लास्टिकची काच आणि मुठी त्यांच्या वाफेने खराब होतात. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पण त्या डब्यातला हायग्रोमीटर मग डब्याचीच हवा सांगेल.

चतुर्थीच्या साफसफाईत समईबरोबर हाही घासून काढू का?

चिंच आणि सोलं समईला. इथे नको. या संचांच्या कडांवर कारखान्यातच पारदर्शक लाख किंवा सोन्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. आंबट लावून घासलं की तो जातो आणि खालचं पितळ डागाळतं. रुपेरी तबकडीला तर ओलं बोटही लावू नका. तिच्यावरचा काळा आकडा पुसला गेला की परत येत नाही. कोरडं सुती कापड पुरतं. हिरवा थर लाकडी टूथपिकने हळूच खरवडा.

संच नेमका ठेवू कुठे?

बॅरोमीटर कुठेही ठेवा. बंद कपाटात, एसीत, देवघरात, दाब सगळीकडे तोच. थर्मामीटर आणि हायग्रोमीटर मात्र जिथे ठेवाल तिथलीच हवा सांगतात, म्हणून ऊन, चूल, फ्रीजची पाठ आणि खिडकीतून येणारी खारी झुळूक टाळा. संचात होकायंत्र असेल तर ते घड्याळापासून लांब ठेवा.

घड्याळाच्या जागी सेलवर चालणारी मशीन बसवून देतो, असं दुकानदार म्हणतो.

नको. जुनं यंत्र काढताना तबकडीचे पाय कापले जातात आणि मग ते परत बसत नाही. चावीच्या घड्याळांवर काम करणारे जुने घड्याळजी म्हापसा, मडगाव, पणजीच्या बाजारांत चौकशी केली तर अजून सापडतात. बॅरोमीटर मात्र त्यांच्या हाती देण्याआधी विचारा, की हे काम पूर्वी केलंय का. घड्याळ आणि बॅरोमीटर ही दोन वेगळी कामं आहेत.

विकत घेताना काय पाहू?

पिशवीची परीक्षा, घड्याळ कानाला लावून एकसारखी टिकटिक, पेटीची बिजागरी, आणि सगळ्या यंत्रांच्या कडा व अक्षरं एकाच घाटाची आहेत का. एक कड जास्त पिवळी असेल तर ते यंत्र मागाहून घातलंय. विक्रेत्याने ‘चालू आहे’ म्हणून काचेवर टिचकी मारून काटा हलवून दाखवला, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

मुलगी परदेशात असते, तिला द्यायचा आहे. नेता येईल?

शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ती भारताबाहेर नेता येत नाही. या प्रकारचे बहुतेक संच विसाव्या शतकाच्या मध्यातले आहेत, म्हणजे त्या मर्यादेच्या आतले. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्या, विमानतळावर वाद नको. घड्याळाची चावी उतरू द्या, यंत्रं मऊ कापडात वेगवेगळी गुंडाळा आणि हातातल्या सामानात न्या. तिथे पोचल्यावर जवळच्या विमानतळाच्या अहवालातला दाब पाहून काटा नव्याने लावा. ती थंड प्रदेशात असेल तर काटा आता तबकडीभर फिरू लागेल, हे तिला आधीच सांगून ठेवा, आणि इथल्या नोंदींचं कॅलेंडरही तिच्याबरोबर द्या.